मॉन्टी पायथनमध्ये वेडेपणा कुणाच्या वाट्याला येतो?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या ग्रुपने 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही बीबीसीवरची जुनी प्रहसनमालिका पाहिली, त्या धर्तीवर अतर्क्य प्रहसनं बसवायची ठरवली, आणि आता मुलं म्हणतायत की बायकांची कामंही आम्हीच करणार, पायथनमध्ये तसंच असतं, त्याशिवाय लाफ्टर येत नाही. मुलींनी त्यातल्या नटीसारखं, कॅरल क्लीव्हलंडसारखं, यायचं, उभं राहायचं आणि जायचं. तेव्हा हा कार्यक्रम स्त्रीद्वेष्टा आहे का, नवरा-बायकोचं नातं त्यात असं का दिसतं, आणि या मुलांना काय सांगायचं?

मी टीव्हीसाठी स्किटं लिहिते आणि लिहायला शिकवते. त्यामुळे माझं उत्तर समीक्षकाचं नसेल. प्रसंग कसा चालतो, पंच कुणाच्या तोंडी जातो, एवढंच मला बघता येतं.

आधी एक गंमत. शीर्षकसंगीत संपता संपता वरून धप्पकन येऊन सगळं चिरडणारा तो भलामोठा पाय आठवतो ना? पायथनसाठी ॲनिमेशन करणाऱ्या टेरी गिलियमने तो ब्रोन्झिनो या इटालियन चित्रकाराच्या चित्रातून घेतला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते चित्र आहे: व्हीनस आणि तिला बिलगलेला क्युपिड. पाय त्या क्युपिडचा, म्हणजे साक्षात मदनाचा. गिलियमला त्यात काही अर्थ भरायचा होता असं मला वाटत नाही, आकार आवडला असणार. पण १९६९ ते १९७४ या काळातल्या ४५ भागांवर मदनाचा पाय पडतो आणि धड प्रेमप्रकरण शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही, याचं मला दर वेळी हसू येतं.

आता स्त्रीद्वेषाचं. पायथन लिहिणारी आणि करणारी ही सहा माणसं बायकांवर डूख धरून बसली होती, असं मानायला आधार नाही. उलट त्यांच्यातला एरिक आयडल केंब्रिजच्या फुटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या नाट्य-विनोदी क्लबचा अध्यक्ष असताना, १९६४-६५च्या सुमारास, तिथे बायकांना सभासद करून घेतलं गेलं, आणि त्या पहिल्या काही बायकांत जर्मेन ग्रीअर होती. तिचं स्त्रीमुक्तीवरचं गाजलेलं पुस्तक आलं १९७० मध्ये. ते वर्ष नीट बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात स्त्रीमुक्तीवाद्यांची पहिली राष्ट्रीय परिषद, त्याच वर्षी समान वेतनाचा कायदा, नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा उधळायला निघालेल्या बायका. आणि त्याच शरद ऋतूत बीबीसीवर पायथनची दुसरी मालिका चालू. यातलं काही लेखकांच्या कानावर नव्हतं असं होणं शक्य नाही. लिहायच्या खोलीत मात्र ते शिरलं नाही.

कारण त्या खोलीची पद्धत. जॉन क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन जोडीने लिहायचे, मायकेल पेलिन आणि टेरी जोन्स जोडीने, आयडल एकटा, गिलियम ॲनिमेशनची चित्रं कापायच्या आपल्या कात्र्या घेऊन वेगळा. मग सगळे जमून एकमेकांना वाचून दाखवायचे. हसू आलं की स्किट घेतलं, नाही आलं की टाकलं. ही पद्धत उत्तमच आहे, आम्हीही हेच करतो. फक्त हसणारे सहाच्या सहा पुरुष असले, त्यातले पाच ऑक्सफर्ड-केंब्रिजचे असले, की काय निवडलं जाईल हे आपोआप ठरतं. कुणी बायकांना वगळायचा कट करावा लागत नाही.

आता कारागिरीचा भाग. पायथनने शेवटचा पंच मुद्दाम मोडीत काढला. स्पाइक मिलिगन या ब्रिटिश विनोदवीराने 'क्यू फाइव्ह' या आपल्या टीव्ही मालिकेत तेच करून दाखवलं होतं, त्याचा धडा यांनी घेतला. शेवटी टाळी घेणारं वाक्य नसलं की प्रसंग कशावर उभा राहतो? पात्राच्या वेड्या तर्कावर. माणूस काहीतरी अशक्य गोष्ट धरून बसतो आणि तिच्या आत अगदी शिस्तीत वागतो. मेलेला पोपट मेलेला नाही असं म्हणणारा दुकानदार घे. ज्याच्याकडे असा तर्क आहे, तो प्रसंगाचा मालक. बाकीचे त्याला फीड देतात, म्हणजे त्याच्या विनोदासाठी वाक्यं पुरवतात. म्हणून अशा विनोदात बाईचं स्थान तपासताना तिने किती कपडे घातलेत किंवा तिला किती वाक्यं आहेत, हे मी नंतर बघते. तिच्या वाट्याला वेडेपणा आलाय का, हे पहिलं बघते.

आणि इथे पायथन विचित्र आहे. बायकांच्या वाट्याला ढीगभर वेडेपणा येतो, पण त्या बायका पुरुष असतात. क्लीझ आणि चॅपमन त्यांना 'पेपरपॉट' म्हणायचे, मिरपुडीच्या डबीसारखा आकार म्हणून. पन्नाशीची, कनिष्ठ मध्यमवर्गीय, कोट-हॅट-पर्सवाली, चिरक्या आवाजाची बाई. टीव्हीवर पेंग्विन का उभा आहे यावर दोघीजणी गंभीर चर्चा करतात. तो प्राणिसंग्रहालयातला असता तर त्याच्यावर तसा शिक्का नसता का, असा मुद्दा निघतो. मग टीव्हीवरचा निवेदक शांतपणे सांगतो की आता तुमच्या टीव्हीवरचा पेंग्विन फुटेल, आणि तो फुटतो. बॅटली गावाच्या महिला मंडळातल्या बायका पर्ल हार्बरची लढाई सादर करतात, म्हणजे चिखलात लोळून एकमेकींना पर्सनी झोडपतात. दुसऱ्या एका स्किटमध्ये आज्जीबाईंच्या टोळ्या तरण्याताठ्या पोरांना रस्त्यात बडवतात आणि भिंतीवर लिहून ठेवतात, प्रेम नको, चहा करा. हे सगळं मला आजही हसवतं.

आपल्याकडचा प्रेक्षक याला बिचकत नाही, कारण आपल्याकडे मावशी आहे. तमाशातल्या गौळणीत बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी, कृष्ण-पेंद्याशी हुज्जत घालणारी, ती पुरुषच असते. इंग्रजांच्या नाताळातल्या पँटोमाइममध्येही थोराड बाई पुरुषच करतो, पेपरपॉट त्याच कुळातली. बालगंधर्वांशी मात्र हिचं नातं लावू नकोस, तुझ्या ग्रुपमधला कुणीतरी लावेलच. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाला प्रेक्षकांनी पुरुष विसरावा असं वाटायचं, बायका त्याचं नेसणं बघून तसं नेसायच्या. मावशीला आणि पेपरपॉटला पुरुष सतत दिसत राहायला हवा असतो. मिशीची सावली हा त्यांचा मेकअपच.

पण मावशीच्या मागे गवळणी उभ्या असतात. त्या खऱ्या बायका, आणि त्यांच्याकडे बघायचं असतं. पायथनमधली मांडणी नेमकी हीच आहे. हसवणारी बाई पुरुष, आणि खरी बाई बघायला. निदान गौळणीत गवळणी तोंडाला तोंड देतात, गातात, नाचतात, आणि पुढे वगात त्यांच्यातलीच एखादी अख्खा खेळ खांद्यावर घेते. कॅरल क्लीव्हलंडच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. ती ४५पैकी सुमारे दोन-तृतीयांश भागांत आहे, तिला पुढे 'सातवी पायथन' म्हटलं गेलं, २०१४च्या जुलैमध्ये लंडनच्या ओटू अरीनात बाकीचे म्हातारे जमले तेव्हा सत्तरी ओलांडलेली तीही रंगमंचावर होती. इतकी वर्षं सोबत, तरी तिची बहुतेक कामं नर्स, सेक्रेटरी, बायको, किंवा झिरझिरीत कपड्यातली कुणीतरी.

बाई कच्ची होती म्हणावं तर 'अटिला द हूण शो' बघ. अमेरिकन घरगुती मालिकेची ती नक्कल आहे. अटिला दमून-भागून कामावरून घरी येतो, लाडक्या मुलांसाठी मुंडकं घेऊन. कॅरल त्याची बायको. त्या मालिकांमधल्या बायकोचं ते साखरेत घोळलेलं हसू, ती मान वेळावणं, एक सेकंद इकडेतिकडे नाही. तिचं बालपण अमेरिकेत गेलेलं, तो साचा तिला आतून माहीत. पॅरडी कळणारी नटी हाताशी होती आणि तिला बहुतेक वेळा शोभेला उभं केलं, हे मला अश्लीलतेपेक्षा जास्त खटकतं. लेखक म्हणून हा आळस आहे.

पेपरपॉटवर आणखी एक आक्षेप घेता येतो, तो वर्गाचा. लहान गावातली, कमी शिकलेली, टीव्हीबद्दल तक्रारीची पत्रं लिहिणारी बाई, आणि तिची टवाळी करणारे विद्यापीठातले तरुण. त्या काळात टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणारी मेरी व्हाइटहाउस अशाच हॅट-चष्म्यात दिसायची, त्यामुळे तो बाण कुठे जातो हे प्रेक्षकांना कळत होतं. टेरी जोन्सच्या बायका मला याला अपवाद वाटतात. क्लीझ बाईचे कपडे घालून ओरडतो तेव्हा तो चिडलेला क्लीझच असतो. जोन्स त्या बाईला आवडून घेतो.

आता नात्यांकडे. पायथनमधलं सगळ्यात भक्कम नातं काउंटरच्या दोन बाजूंचं आहे. एकाला काहीतरी हवंय, दुसरा देत नाही. पोपट, चीज, पैसे देऊन भांडण विकत घेण्याची सोय, सगळं तेच. आणि लग्न दाखवायची वेळ आली की हे लोक तेही काउंटरवर आणून ठेवतात. पहिल्याच मालिकेतला विवाह-समुपदेशक घे. आर्थर प्यूटी नावाचा पडेल नवरा (पेलिन) आपल्या बायकोला, डिअर्ड्रीला, घेऊन सल्ला मागायला येतो आणि आपल्या रटाळ आयुष्याची कहाणी सांगत बसतो. समुपदेशक (आयडल) त्याच्याकडे बघतही नाही, त्याचं लक्ष डिअर्ड्रीवर. बघता बघता दोघं पडद्याआड, कपडे पडद्यावर, आणि नवऱ्याला बाहेर जायला सांगतात. बाहेर त्याला एक अमेरिकन काउबॉय भेटून मर्दपणाचं भाषण देतो. प्यूटी छाती काढून आत येतो, बायकोला बाहेर बोलावतो, आतून 'जा' ऐकू येतं, आणि तो 'बरं' म्हणून जातो.

टिंगल नवऱ्याची आहे, मर्दपणाच्या भाषणाची आहे, अगदी मान्य. पण रचना बघ. गिऱ्हाईक प्यूटी, दुकानदार समुपदेशक. डिअर्ड्री (कॅरलच) पोपटाच्या जागेवर आहे. ती जवळजवळ बोलतच नाही. तिला या लग्नात काय बोचत होतं, हे लेखकाला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तर स्किट कितीतरी विक्षिप्त झालं असतं.

'नज नज'ला मात्र मी वेगळं काढते. पबमध्ये आयडल शेजारच्या माणसाला कोपरखळ्या मारून त्याच्या बायकोबद्दल चावट सूचना करत राहतो, आणि शेवटी हळूच विचारतो की ते कसं असतं हो. अख्ख्या स्किटमध्ये बाई नाही, आणि नसायलाच हवी. बाई ठाऊकच नसलेल्या पुरुषाची ती चावट बडबड आहे. स्त्री-पुरुष संबंधांवर पायथनने केलेलं सगळ्यात खरं विधान मला हे वाटतं.

आणि एक कोवळी जागा आहे, जी कुणी मोजत नाही. १९७०च्या डिसेंबरातलं स्पॅमचं स्किट. हॉटेलात प्रत्येक पदार्थात स्पॅम, म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस, कोपऱ्यात गाणारे व्हायकिंग. मिसेस बन (चॅपमन) सारखी सांगतेय की मला स्पॅम नको. आणि तिचा नवरा म्हणतो, तमाशा करू नकोस, तुझ्या वाट्याचं मी खातो, मला आवडतं. एवढंच. बायकोला गप्प करणं आणि तिची काळजी घेणं एकाच वाक्यात. आपल्याकडच्या किती लग्नांचं हे चित्र आहे! पायथनमधला त्यातल्या त्यात सुखी संसार हाच, आणि तो दोन पुरुषांनी केलाय.

तिसऱ्या मालिकेत, १९७२ मध्ये, लॉन्ड्रीत गप्पा मारणाऱ्या दोन पेपरपॉट सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या स्वातंत्र्यविषयक लेखनावर वाद घालतात आणि तो मिटवायला थेट पॅरिसला त्याच्या घरी जातात. दारात येते सार्त्रची बायको, तीही पेपरपॉट, नवऱ्याच्या कुरकुरींनी वैतागलेली. स्किट अफलातून आहे. पण सार्त्रने लग्न केलंच नव्हतं, आणि त्याच्या आयुष्यात जी होती ती सिमोन द बोव्हार, स्त्रीवादी लेखिका. विसाव्या शतकातल्या सगळ्यात हुशार बायकांपैकी एक सहज हाताला लागली असती. यांना दारात घातली ती पुन्हा हॅटवाली बाई. त्यांच्या डोक्यात लग्न म्हटलं की तीच यायची.

लाकूडतोड्याच्या गाण्यात हे सगळं एकमेकांवर आपटतं. मर्दानी लाकूडतोड्या गाता गाता सांगतो की मला बायकांचे कपडे आवडतात, कोरसमधले पोलीस ओशाळून काढता पाय घेतात, आणि प्रेयसी (कॉनी बूथ, क्लीझची तेव्हाची बायको) रडत म्हणते की मी तुला रांगडा समजले होते. दर आठवड्याला झगे घालणाऱ्या मंडळींनी झगा घातलेल्या माणसावर काढलेली ही टर. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरायचे थांबले ते १९६७ मध्ये, म्हणजे याच्या जेमतेम दोन वर्षं आधी. आणि ग्रॅहम चॅपमन स्वतः समलिंगी होता, डेव्हिड शरलॉकबरोबर १९८९ मध्ये मरेपर्यंत राहिला. स्वतःला उंदीर समजून चीज खायला चोरून जमणाऱ्या पुरुषांवरचं ते स्किट या पार्श्वभूमीवर पुन्हा बघ. त्यात हसू येतं ते उंदरांपेक्षा त्यांच्याकडे दयेने बघणाऱ्या टीव्हीवाल्यांचं. पुरुषाच्या वेगळेपणाला यांनी अशी सहानुभूती दिली. बाईला तेवढी मिळाली नाही.

कॉनी बूथचंच उदाहरण पुढे नेते. १९७५च्या त्यांच्या आर्थर राजावरच्या चित्रपटात गावकरी तिला चेटकीण म्हणून आणतात, तराजूत बदकाबरोबर तोलतात, वजन सारखं भरतं. आणि ती पुटपुटते की हो, पकडलं खरं. एक वाक्य. पण त्या वाक्याने ती गावकऱ्यांचा वेडा तर्क मान्य करते, आणि त्या क्षणी प्रसंग तिचा होतो. खऱ्या बाईला वेडेपणा दिला की काय होतं ते बघायचं तर हे बघ. त्याच वर्षी तिने क्लीझबरोबर लिहिलेली 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलातली मालिका आली. एकूण बाराच भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. मधे १९७८ ला दोघांचा घटस्फोट झाला तरी लेखन जोडीनेच. ती मालिका अतर्क्य नाही, पण लेखनाच्या टेबलावर बाई बसल्याबरोबर सिबिलसारखी बायको आली, जी नवऱ्याला पुरून उरते, आणि पॉली आली, जी हॉटेलातली एकमेव शहाणी असूनही कंटाळवाणी नाही.

पुढचं टोक तुला व्हिक्टोरिया पाइल या ब्रिटिश निर्मातीकडे सापडेल. तिने आधी 'स्मॅक द पोनी' हा बायकांचा प्रहसन-कार्यक्रम केला, जोडीदार शोधणाऱ्या बायकांच्या त्या व्हिडिओंसाठी तरी बघच. मग २००४ मध्ये चॅनल फोरवर 'ग्रीन विंग'. दवाखान्यातली मालिका, पण रोगाशी कुणाला देणंघेणं नाही, चित्रण मधेच मंद होतं, मधेच पळतं. त्यात मिशेल गोमेझ स्यू व्हाइट करते. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणं हे तिचं काम, आणि ती कुणाचंही काही ऐकून घेत नाही, येईल त्याला हाकलते. काउंटर तोच, पोपटवाल्याचा. मागे आता बाई आहे, झगा-आवाज काही उसना न घेता ठार वेडी.

आपल्याकडेही हे होतंय. 'चला हवा येऊ द्या'मध्ये साडी नेसलेल्या पुरुषांचे लाफ्टर आपण ऐकलेत, पण 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त नम्रता संभेरावची लॉली घे. ती एंट्रीलाच आपला तर्क घेऊन येते आणि समोरच्याला तो मान्य करावा लागतो.

मुलांना साडी नेसू नका असं सांगू नकोस. नेसू देत, हौस चांगली आहे. मात्र पहिलं वाचन असं करा: तुम्ही लिहिलेली 'दोन काकवां'ची स्किटं मुलींनी वाचायची, आपल्या नेहमीच्या आवाजात, चिरकं न बोलता, जरा भरभर. जिथे हसू येत नाही तिथे खूण करा. तिथे वाक्याला स्वतःचं बळ नव्हतं, साडीतल्या पुरुषावर ते चाललं होतं. ती वाक्यं काढा किंवा पुन्हा लिहा, मग भूमिका कुणीही करा. आणि पुरुषांच्या म्हणून लिहिलेल्या भूमिका, दुकानदार, साहेब, मंत्री, समुपदेशक, यातल्या निम्म्या नाव न बदलता मुलींकडे द्या. समुपदेशकाचं स्किट तुमच्या पद्धतीने करणार असाल तर बायकोची खुर्ची मधे ठेव. नवऱ्याची कहाणी चालू असताना ती कशात गुंतलीये हे आधी ठरव, पर्समधली बिलं लावतेय, का समुपदेशकाच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजतेय. त्या चुकांचा आकडा ती पहिल्यांदा मोठ्याने बोलेल, तिथून पुढे लिही.